चारी शिवांवर कोल्ह्याचे लग्न

गेल्या श्रावणातली गोष्ट. आंबोलीहून सावंतवाडीकडे एसटीने उतरत होतो. बरोबर घरची मंडळी आणि दुसरीत शिकणारी नात होती. घाटात दाट धुके होते. हातभर पुढचे दिसत नव्हते. दाणोली जवळ आली तसे धुके विरले आणि लख्ख ऊन पडले. भाताच्या खाचरांतले पाणी आरशासारखे चमकू लागले. आणि त्याच वेळी गाडीच्या टपावर टपटप पाऊस वाजू लागला. ऊनही तसेच, पाऊसही तसाच.

पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी खिडकीची काच ओढून घेतली आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघ गो, कोल्याचा लगीन लागला!"

नातीने मान वर करून मला विचारले, "आजोबा, कोल्हा खरा असतो का?"

ऊन-पावसाचे नवल तिला वाटले नाही, कोल्ह्याचे वाटले. तिने कोल्हा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. तिला उत्तर देता देता माझ्या डोळ्यांपुढून तीस वर्षांची नोकरी सरकत गेली. शेतीखात्याच्या नोकरीत बदल्या, शिबिरे, पीकपाहण्या यांच्या निमित्ताने महाराष्ट्राच्या चारी शिवा मी पाहिल्या. प्रत्येक शिवेवर या ऊन-पावसाला लोक काय म्हणतात ते ऐकले. एके ठिकाणी मात्र ऐकूनही ऐकले नाही, आणि त्यापायी एका गरीब बाईचे नुकसान केले. ती हकिगत आजवर कागदावर उतरवली नव्हती. आज सांगतो.

आमच्या गावचे लग्न

माझे गाव तासगाव तालुक्यात. श्रावण-भाद्रपदात आमच्या अंगणात आणि माळवदावर काही ना काही वाळत घातलेले असायचेच. मुगाच्या शेंगा, उडीद, भुईमुगाच्या आगाप शेंगा, गोवऱ्या, सरपण. उन्हात थेंब पडू लागले की आई परड्यातूनच हाक द्यायची, "कोल्ह्याचं लगीन लागलं गं! उचला, उचला!" तिची हाक शेजारच्या काकू उचलायच्या, काकूंची पलीकडच्या मामी. बघता बघता सगळी आळी सुपे, पाट्या, चवाळी घेऊन बाहेर यायची. ज्याच्या घरी माणूस नसेल त्याचेही वाळवण शेजारी उचलून ठेवायचे.

आम्ही पोरे मात्र उलट दिशेने, ओढ्याकडे धावायचो. कोल्ह्याचे वऱ्हाड बघायला! वऱ्हाड काही दिसायचे नाही. पायाला चिखल आणि घरी आल्यावर पाठीत धपाटा, एवढाच आहेर मिळायचा.

आपल्याकडे पावसाला नात्यागोत्याने ओळखण्याची रीत जुनीच आहे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूचा पाऊस आणि पूर्वांचा सुनांचा. हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा. ज्या घरात सासू-सुना आल्या, म्हातारा-तरणा आला, त्या घरात लग्नकार्य होणारच. पण एक गंमत लक्षात घ्या. आषाढी एकादशीला चातुर्मास बसतो आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत माणसांच्या घरी मुहूर्त नसतो. ऊन-पावसाचा खेळ चालतो तो नेमका याच महिन्यांत. आमचे आजोबा म्हणायचे, "भटजीला न विचारता लगीन लावणारा एकटा कोल्हाच!" ही कल्पना कोठून आली ते आजोबांना ठाऊक नव्हते. पण पंचांगात न बसणारे लग्न आणि अंदाजात न बसणारा पाऊस यांची जोडी त्यांनी बरोबर जुळवली होती असे मला वाटते.

आपण मराठीत कोल्हा म्हणतो तो कळपाने कुई करणारा, रानाच्या कडेने फिरणारा. लांडग्याहून लहान आणि खोकडाहून मोठा. खोकड वेगळे, ते आणखी छोटे, झुपकेदार शेपटीचे. या लग्नात मान कोल्ह्याचा आहे, खोकडाचा नाही.

दुधनीच्या वाटेवरची अज्जी

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अक्कलकोट तालुक्यात होतो. सोलापूरकडून वाडीकडे जाणारी रेल्वे दुधनीवरून कर्नाटकात शिरते. या भागात घरात कानडी आणि बाजारात मराठी अशी रीत आहे. काळी जमीन, बेताचा पाऊस, आणि खरिपात तूर, मूग, उडीद. मूग हे इथल्या गरिबाचे पहिले पीक. पेरणीपासून साठ-सत्तर दिवसांत हाती येते आणि सणासुदीला पैसा देते.

साल १९९६, श्रावण महिना. मघा नक्षत्र चालू होते. एका खेड्यात दोन एकरांच्या एका विधवा बाईंच्या खळ्यावर मी गेलो. सगळे गाव त्यांना अज्जी म्हणत असे, म्हणून मीही अज्जीच म्हणे. तीन पोती मूग झोडपून खळ्यावर पसरला होता. कडधान्य साठवायचे तर त्यातला ओलावा नऊ-दहा टक्क्यांपर्यंत खाली आला पाहिजे, दाणा दाताखाली कट्टकन वाजला पाहिजे, हे मी नुकतेच शिबिरात सांगून आलो होतो. अंगात नव्या पदवीचा ताठा होता.

दुपारचे साडेबारा वाजले असतील. कडक ऊन होते. तेवढ्यात चार थेंब पडले. अज्जी झटक्यात उठल्या आणि सुनेला हाक मारली, "कागी-नरी मदिवी! मळी बरतद!" म्हणजे कावळ्या-कोल्ह्याचे लग्न लागले, पाऊस येतोय. छापील कानडीत याला 'कागे-नरी मदुवे' म्हणतात. इथे कोल्ह्याची सोयरीक कावळ्याशी झाली आहे.

मी हसलो. म्हणालो, "अज्जी, ऊन बघा की केवढं पडलंय! हा दोन मिनिटांचा पाऊस. थेंब आपोआप वाळतील. मूग गोळा केलात तर एवढं चांगलं ऊन वाया जाईल."

अज्जी थबकल्या. मराठीत म्हणाल्या, "साहेब, लगीन लागलंय म्हंजे वऱ्हाड मागनं येतंय."

मी पुन्हा हसलो. साहेब म्हणतात म्हणून त्या हातातले फावडे ठेवून खाली बसल्या. त्यांचे बसणे मला अजून दिसते. पटले म्हणून त्या बसल्या नव्हत्या. शिकलेल्या माणसाचा शब्द मोडायचा नाही म्हणून बसल्या होत्या.

खळ्याच्या पश्चिमेला मोठा लिंब होता. त्याच्या आड ढग किती चढला आहे ते मी वळून पाहिलेच नाही. दहा मिनिटांत ऊन गेले आणि अर्धा तास असा पाऊस कोसळला की खळ्यावरून पाण्याचा लोट वाहिला. आम्ही तिघांनी हातांनी मूग ओढला, पण काय हाती लागणार? निम्मा चिखलात गेला. उरलेला ओल्या पोत्यांत भरला. पुढचे तीन दिवस सूर्य दिसला नाही. मुगाला मोड आले आणि पोत्यांना वास सुटला.

तो पैसा लेकीच्या बाळंतपणासाठी धरलेला होता. बाजारात त्या मुगाला कोणी हात लावीना. शेवटी बराचसा बैलांपुढे गेला आणि अज्जींच्या गळ्यातले सोन्याचे चार मणी गहाण पडले.

आठ दिवसांनी मी पैसे घेऊन गेलो, तर त्यांनी घेतले नाहीत. मी खाली मान घालून उभा होतो. त्या रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, "साळंत कोल्ह्याचं लगीन शिकवत न्हाईत व्हय, साहेब?"

खरेच शिकवत नव्हते. हवामानशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते. ढगांचे प्रकार तोंडपाठ होते. पण त्या दिवशी खळ्यावर ढगाकडे वळून पाहणारी व्यक्ती अज्जी होती, मी नव्हतो. पुढच्या वर्षी पहिल्या पगारवाढीतून एक ताडपत्री नेऊन दिली, ती मात्र त्यांनी ठेवून घेतली. त्या दिवसापासून मी एक नेम केला. नवीन भागात गेलो की पीकपाण्याच्या आधी विचारायचे, "ऊन-पाऊस एकदम आला तर तुमच्याकडे काय म्हणतात?"

नावेतले आणि रेल्वेतले

२००३ च्या ऑक्टोबरात पीकपाहणीसाठी सिरोंच्याला गेलो. गडचिरोलीहून दक्षिणेला दोनशे किलोमीटरहून लांब, महाराष्ट्राचे हे अगदी टोक. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर कालेश्वरमचे देऊळ. आज तो काठ तेलंगणात आहे, तेव्हा आंध्र प्रदेशात होता. आज गोदावरीवर पूल आहे, त्या वेळी नावेने जात. सिरोंच्याच्या बाजारात तेलुगू मराठीइतकीच ऐकू येते.

नाव मध्यावर असताना ऊन आणि पाऊस एकदम आले. नावेत तांदळाची पोती होती. बायांनी भराभर त्यांवर मेणकापड ओढले. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. नावाडी हसून म्हणाला, "कुक्कला-नक्कला पेळ्ळी!" कुक्का म्हणजे कुत्रा, नक्का म्हणजे कोल्हा, पेळ्ळी म्हणजे लग्न. शेजारच्या माणसाने मराठीत फोड केली. "साहेब, कुत्र्याचं आणि कोल्ह्याचं कधी जमतं का? ऊन-पावसाचंही तसंच. जमलं तरी घडीभर!"

कानडी मुलखात कोल्ह्याची सोयरीक कावळ्याशी, इथे कुत्र्याशी. दोन्हीकडे जोडी विजोडच. उन्हाची आणि पावसाची जोडीही तशीच असते.

त्यानंतर काही वर्षांनी गोंदियाला जाणे झाले. तलावांचा आणि धानाचा जिल्हा. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेशातले बालाघाट. आमगाव-सालेकसाकडे जाणाऱ्या गाडीत मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदते. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. हलका धान कापून कडपा बांध्यांत पसरल्या होत्या. गाडीच्या खिडकीतून ऊन आत येत होते आणि बाहेर भुरभुर पाऊस. डब्यातला एक शेतकरी उठून दारात जाऊन उभा राहिला. कोणीतरी गमतीने म्हणाले, "सियार का ब्याह हो रहा है." तो माणूस हसला नाही. त्याच्या कडपा शेतात होत्या, भारे बांधून पुंजणे रचायचे राहिले होते. ज्याचा माल घरात त्याला कोल्ह्याचे लग्न गमतीचे. ज्याचा माल शेतात त्याचा जीव टांगणीला लागतो, हे त्या दिवशी पुन्हा पाहिले.

वायव्येच्या शिवेवर नवापूर आहे. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे स्टेशन निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. फलाटावर एका बाकाच्या मधोमध रेघ मारून एका अंगाला महाराष्ट्र आणि दुसऱ्या अंगाला गुजरात असे लिहिले आहे. त्या बाकावर मी बसलो होतो. गुजरातच्या बाजूला एक मिरचीचे व्यापारी बसले होते. त्यांना विचारले, तर म्हणाले, "नागो वरसाद." म्हणजे नागडा पाऊस. इथे लग्न नाही, वऱ्हाड नाही. ढगाचे पांघरूण न घेता उघड्यावर आलेला पाऊस, असा त्याचा अर्थ मी लावला. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची मैदानभर वाळत पडलेली ज्याने पाहिली आहे, त्याला या पावसाची किती धास्ती असते ते वेगळे सांगायला नको. ओली झालेली मिरची काळवंडते, बुरशी धरते आणि तिचा रंग व भाव दोन्ही जातात.

आणि नैर्ऋत्येला कोकण. एसटीतल्या त्या बाईंशी पुढे बोलणे झाले. त्या म्हणाल्या, श्रावणातल्या कोल्ह्याच्या लग्नाचे काही वाटत नाही, कारण तेव्हा अंगणात वाळत घालण्यासारखे काही उरतच नाही. भीती वाटते ती मे महिन्याच्या अखेरीची. कोकमाची सोले उन्हात असतात, आणि उन्हातच वळवाचे थेंब पडतात. बांद्याच्या पुढे पत्रादेवीवरून गोव्यात उतरलात तरी लग्न कोल्ह्याचेच. फक्त ख्रिस्ती घरांत लग्नाला 'काजार' म्हणतात, म्हणून ते 'कोल्याचें काजार' होते.

दूरच्या मुलखांत

ही सोयरीक आपल्या चार शिवांवर थांबत नाही. केरळात कोल्ह्याचे कल्याणम् आहे, तामिळनाडूत काक्का आणि नरी यांचे आहे. बंगालात कोल्ह्याचे 'बिये' आणि नेपाळात 'बिहे' आहे. जपानात अशा पावसाला कोल्हीण सासरी निघाली असे म्हणतात. प्रसिद्ध जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९९० सालच्या 'ड्रीम्स' या चित्रपटाची सुरुवातच या कल्पनेने होते. आई मुलाला बजावते की अशा पावसात बाहेर जाऊ नकोस, कोल्ह्यांची लग्ने असतात. मुलगा जातोच. ते पाहताना मला आमचा ओढा आठवला.

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांत हे लग्न माकडांचे आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात मात्र लग्न होऊन गेले असावे, कारण तिथे म्हणतात की सैतान बायकोला मारतो आहे! फिनलंडचे लोकसाहित्याचे अभ्यासक मात्ती कूसी यांनी जगभरच्या अशा म्हणी गोळा करून १९५७ साली या एकाच विषयावर जर्मन भाषेत अख्खे पुस्तक काढले. आपल्या आयाबायांच्या तोंडच्या गोष्टीवर हजारो मैल दूरच्या माणसाने आयुष्याची काही वर्षे घालवली, हे कळले तेव्हा मला अज्जींचा प्रश्न पुन्हा आठवला.

हा पाऊस पडतो कसा?

आता थोडे शास्त्र. घाबरू नका, सोपे आहे.

झडीचा पाऊस आभाळभर पसरलेल्या ढगातून येतो, त्यात सूर्य दिसत नाही. ऊन-पाऊस येतो सुट्या ढगांतून. कापसाच्या ढिगासारखे हे ढग शिवारावरून सरकत असतात आणि मध्ये मध्ये आभाळ उघडे असते. ढगाचा तळ जमिनीपासून एक किलोमीटर उंच धरला, तर तिथून सुटलेल्या मध्यम थेंबाला खाली यायला अडीच-तीन मिनिटे लागतात आणि बारीक थेंबाला चार मिनिटांहून जास्त. तेवढ्या वेळात ढग पुढे सरकतो किंवा विरतो. खालचा वारा थेंबांना तिरपे ओढतो. म्हणून डोक्यावर निळे आभाळ असते आणि अंगावर थेंब पडतात. सकाळ-संध्याकाळी सूर्य कललेला असतो, तेव्हा त्याची किरणे ढगाच्या खालूनच आत शिरतात. म्हणून त्या वेळी हा खेळ अधिक दिसतो.

म्हणजे ऊन-पाऊस आला याचा अर्थ आपण ढगाच्या कडेला आहोत. आता तो ढग जातो आहे की येतो आहे, हा खरा प्रश्न. जाणारी कड असेल तर दोन मिनिटांत काम संपते. येणारी कड असेल तर अज्जी म्हणाल्या तसे वऱ्हाड मागून येते. मी त्या दिवशी येणाऱ्या कडेला जाणारी समजलो.

हे ओळखायचे कसे?

पहिली गोष्ट, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा आणि ढग कोठून येत आहेत ते पाहा. जून ते ऑगस्ट आपल्याकडे बहुधा पश्चिमेकडून ढग येतात. त्या अंगाला झाड, घर, टेकडी आड येत असेल तर चार पावले चालून पलीकडे पाहा. ढगाचा तळ काळा असेल आणि गार वाऱ्याचा झोत आला, तर थांबू नका.

दुसरी गोष्ट, इंद्रधनुष्य. ते नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला दिसते, आणि जिथे दिसते तिथे पाऊस चालू असतो. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून धनुष्य पश्चिमेला. पावसाळ्यात ढग पश्चिमेकडून येतात, म्हणजे तो पाऊस आपल्याकडे येण्याचा संभव जास्त. संध्याकाळी धनुष्य पूर्वेला, म्हणजे पाऊस बहुधा आपल्याला ओलांडून गेला. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे ढग पुष्कळदा पूर्वेकडून येतात, तेव्हा हा हिशेब उलटा करावा लागतो. भर दुपारी धनुष्य दिसत नाही, कारण सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असला की ते जमिनीवरून दिसू शकत नाही. तेव्हा ढगावरच नजर ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट, गडगडाट. ऊन पडले आहे म्हणून वीज पडणार नाही असे समजू नका. गडगडणाऱ्या ढगातली वीज त्याच्या कडेपासून कित्येक किलोमीटर दूर, उन्हातही पडू शकते. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नका, उघड्या रानातही थांबू नका, पक्क्या घरात जा. तिथे धान्याहून जीव मोठा.

वाळवणाच्या दिवसांत ताडपत्री घरात गुंडाळून न ठेवता खळ्याच्या पश्चिम अंगाला, वाऱ्याने उडणार नाही अशी दगड ठेवून पसरण्याच्या तयारीत ठेवावी. धान्य मधोमध ओढून ढीग केला तर दोन माणसांनाही झाकता येतो. खळ्याच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर काढला की वाहते पाणी आत येत नाही. फवारणीनंतर औषध पानावर नीट बसायला निदान तीन-चार तासांची उघाड लागते. सुटे ढग फिरत असतील तर फवारणी पुढे ढकलावी, औषध आणि मजुरी दोन्ही वाचतात. हवामान खात्याचा अंदाज जरूर ऐकावा, मोबाईलवरही तो मिळतो. पण तो अंदाज मोठ्या भागाचा असतो आणि हा ढग एका शिवाराचा असतो. एका बांधावर पाऊस आणि दुसऱ्या बांधावर धूळ, हे आपण सगळेच पाहतो. तिथे आपलेच डोळे उपयोगी पडतात, आणि शेजारणीची हाक.

नातीला दिलेले उत्तर

नातीला मी सांगितले, "कोल्हा खरा असतो. आमच्या लहानपणी रोज रात्री ओढ्याकडून कुई ऐकू यायची." आता माझ्या गावी ती क्वचित ऐकू येते. ओढ्याकाठची झुडपे गेली, बांध कोरले गेले, पडीक रान राहिले नाही. कोल्हा ऊस, मका, कलिंगड खातो हे खरे, पण शेतातले उंदीर आणि मेलेली जनावरेही तोच साफ करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारायला बंदी आहे. एका नर-मादीची जोडी दीर्घकाळ एकत्र राहते, पिले दोघे मिळून वाढवतात. लग्नाचा मान त्याला उगीच मिळालेला नाही, असे म्हटले तर चूक होणार नाही.

सावंतवाडीहून परतताना वाट वाकडी करून मी अक्कलकोटकडच्या त्या खेड्यात गेलो. अज्जी जाऊन आता बरीच वर्षे झाली. सून घरची कर्ती झाली आहे, तिचेही केस पिकले आहेत. खळ्यावर मूग होता. आता मळणी यंत्राने होते, पण वाळवायला ऊनच लागते. लिंब तसाच उभा आहे. चहा होईतो मी लिंबाला वळसा घालून पश्चिमेला पाहून आलो. सून पदराआड हसली. तिला ते जुने आठवत होते.

त्या दिवशी पाऊस आला नाही. निघताना तिने नातीच्या हातावर मूठभर मूग ठेवले आणि म्हणाली, "खाऊन बघ, वाजतो का." नातीने दाणा दाताखाली धरला. कट्टकन वाजला.

वाचकहो, तुमच्या गावात या पावसाला काय म्हणतात? कोणाचे लग्न लागते? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा आणि मुलांच्या वहीत लिहून ठेवायला सांगा. आणि उन्हात थेंब पडताना कोणी "उचला" म्हणून हाक दिली, तर माझ्यासारखे हसू नका. आधी उठा, मूग झाका, मग हवे तेवढे हसा.